परसदारची मराठी

वेट्टारमंगलमला मराठी कुणाला येते असं विचारलं, तर सगळं गाव एकाच घराकडे बोट दाखवील. रायरांचं, म्हणजे आपल्या भाषेत रावांचं, घर. पापनाशमहून निघालेली गावची बस कालव्याच्या काठाने हेलकावे खात येते आणि नारळाच्या झाडीशी वळून थांबते, तिथेच समोर ते आहे. मराठ्यांच्या राज्यात या रायरांचे पूर्वज तंजावूरला कारकुनी करायला आले आणि इथल्याच भातात मुरले. आता त्यांना देवनागरी वाचता येत नाही, दारावरची पाटी तमिळमध्ये आहे, पण चुलीपाशी बोलतात ती मराठीच. तमिळ हेल काढून, आपण कधीच टाकून दिलेली जुनी रूपं वापरून, भांड्याकुंड्यांना तमिळ नावं देऊन बोलतात, पण बोलतात मराठी.

गावाचं उत्तर चुकीचं होतं. कालव्याच्या पलीकडे शेतमजुरांची वस्ती आहे, कीळत्तेरू म्हणतात तिला. तिथल्या वासुकीलाही मराठी कळत होती. बोलता येत होती का, हे तिलाही ठाऊक नव्हतं, कारण एक शब्द तिने कधी बोलून पाहिला नव्हता. कळत मात्र होती पुरेपूर. आणि ही गोष्ट तिने नवऱ्यापासून जिवाभावाच्या मैत्रिणीपर्यंत कुणालाही सांगितलेली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

शिकली ती परसात बसून. तिची आई अंजलै रायरांच्या गोठ्यात शेण काढायला जायची आणि पोरीला बरोबर न्यायची. विहिरीच्या अलीकडे शेवग्याच्या झाडाखाली एक फरशी होती. पोरीने तिथे बसायचं, विहीर ओलांडायची नाही. तसं कुणी सांगितल्याचं तिला आठवत नाही. असल्या गोष्टी कीळत्तेरूच्या पोरांना सांगाव्या लागत नसत. समोर स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं असे. घरधनी सीतारामरावांची आई त्या दारात बसून भाजी चिरता चिरता सगळ्या घराला कामं सांगे, रागावे, नातवंडांना गोष्टी सांगे, पाहुण्यांची पाठ वळली की त्यांची उणीदुणी काढे. शेवग्याखालची पोर हा तिच्या लेखी शेवग्याचाच एक भाग होता. झाडासमोर बोलायला कुणाला संकोच वाटतो?

परमुलखात राहणाऱ्यांना ही खोड असतेच. आपली भाषा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट, असं त्यांना वाटतं. बाजारात, बसमध्ये, डॉक्टरांसमोर खुशाल बोलायचं, कारण ऐकणाऱ्याला काय कळतंय! आपण मराठी माणसं बाहेरगावी गेलो की वेगळं काय करतो? भिंतीला कान असतात ही म्हण आपलीच, आणि ती विसरणारेही आपणच.

एकदा वासुकी फसता फसता वाचली. म्हातारीने दारात बसून जावयाच्या चालण्याची टिंगल केली आणि शेवग्याखाली ही खुदकन हसली. म्हातारी थबकली. "काय ग, हसायला काय झालं?" तिने तमिळमध्ये विचारलं. वासुकीने गोठ्यातल्या वासराकडे बोट केलं. म्हातारीचं समाधान झालं. तेव्हापासून मराठी कानावर पडली की तिचा चेहरा मख्ख होई.

वयात आल्यावर ती आईबरोबर गोठ्यात जायची थांबली आणि बायकांबरोबर चिखलात उतरली. भाताच्या लावणीला तिकडे नडवू म्हणतात. कमरेत वाकून, मागे मागे सरत, रोपांची जुडी डाव्या हातात धरून उजव्या हाताने एकेक काडी रोवत जायचं. लग्न कीळत्तेरूतच झालं. नवरा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात लागला आणि पोंगलला घरी येणारा पाहुणा झाला. एक मुलगी झाली, तिला शिकवून कुंभकोणमला नर्स केली. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. कीळत्तेरूतल्या निम्म्या बायकांची कहाणी हीच आहे. वासुकी वेगळी झाली ती वाटाघाटींमुळे.

मेट्टूरचं धरण उघडून कावेरीचं पाणी कालव्यांत यायच्या सुमारास, कुरुवै म्हणजे उन्हाळी लावणी सुरू व्हायच्या आधी, गावात दरवर्षी बैठक होते. जमीनवाले एका बाजूला, मजूर दुसऱ्या बाजूला. मजुरी काय, सकाळचा चहा कुणी द्यायचा, उन्हात कधी थांबायचं, रोपांच्या जुड्या बांधावर कुणी आणून टाकायच्या, सगळं तिथे ठरतं. पूर्वी जमीनवाले ओट्यावर बसत आणि मजूर अंगणात उभे राहत. आता समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, दोन्ही बाजूंना सारख्याच. त्या खुर्च्यांसाठीही एका वर्षी लावणी अडवून धरावी लागली होती, पण ती गोष्ट निराळी. बोलणी संपली की जमीनवाल्यांच्या वतीने पानसुपारीचं तबक पुढे येतं. मजुरांच्या वतीने बोलणाऱ्या बाईने त्यातला विडा घेतला की शब्द पक्का झाला. मग बायका जीभ फिरवून कुलवै घालतात, लग्नात घालतात तशी, आणि त्या हंगामात कुणी शब्द फिरवत नाही. ना ते, ना या.

जमीनवाल्यांच्या वतीने बोलत सीतारामराव. माणूस शांत, तमिळ शुद्ध, आवाज चढवायचा नाही हा बाणा. त्यांच्या शेजारी त्यांचे चुलतभाऊ बसत, ते गेल्यावर मुलगा श्रीहर्ष बसू लागला. बोलता बोलता राव शेजारी वळून मराठीत हळूच सांगत, इथवर ताणूं, मग सोडूं. समोरच्या खुर्चीवर मजुरांच्या वतीने बोलणारी वासुकी मख्ख चेहऱ्याने बसलेली असे, आणि नेमकी तिथवरच ताणत असे. बायका थक्क होत. रायरांच्या पोटातलं हिला कसं कळतं? कुणी म्हणे हिच्या अंगात मारियम्मा येते. सीतारामराव घरी जाऊन बायकोजवळ, भामाबाईंजवळ, तिची तारीफ करत. बाई अडाणी आहे पण मुरलेली आहे, असं म्हणत. तेही अधूनमधून परसात भात वाळवायला गेलेल्या वासुकीच्या कानावर पडे, आणि मनातून तिला बरं वाटे. का वाटू नये?

गेल्या वर्षीच्या सांबा हंगामात, म्हणजे पावसाळ्यातल्या मोठ्या लावणीत, पोन्नीला साप चावला.

पोन्नी वासुकीच्या शेजारची. वयाने लहान, बोलायला तिखट, आणि कुलवै घालावी तर तिनेच. वासुकीला ती अक्का म्हणायची आणि बहिणीसारखी वागायची. त्या दिवशी लावणी रायरांच्या शेतात होती. जुड्या घ्यायला पोन्नी बांधावर चढली आणि गवतात लपलेल्या घोणशीवर तिचा पाय पडला. ती ओरडली तेव्हा वासुकी सर्वात जवळ होती. तिने आपल्या डोक्याचा फडका सोडून चाव्यावर दाबला, पोन्नीला बांधावर निजवलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

बांधाच्या टोकाला श्रीहर्षची गाडी उभी होती. तो तंजावूरच्या एका कॉलेजात शिकवतो, सुट्टीला वडिलांना भेटायला येतो. बापलेक पळत आले. श्रीहर्षने पायाकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि गाडीकडे वळला. तेवढ्यात सीतारामरावांनी त्याचा दंड धरला.

"हर्षा, गाडी देवनको," ते मराठीत म्हणाले. "वाटेंत कांहीं झालें तर सगळें अपल्या गळां येईल. पोलिस, कोर्ट. तुला ठावुक नहीं."

आणि लगेच बायकांकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "गाडीची बॅटरी गेलीय. मोपेड बोलवा कुणाची तरी. मी अँब्युलन्सला फोन करतो."

सीतारामराव दुष्ट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांच्या चुलतभावाच्या गाडीत पूर्वी एक गडी वाटेत दगावला होता आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात रखडलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. पण इथे ताक त्यांचं होतं आणि पाय पोन्नीचा.

वासुकीला दोन्ही वाक्यं कळली. ती बांधावर गुडघ्यावर बसलेली होती, पोन्नीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि श्रीहर्षच्या हातातली किल्ली तिला दिसत होती. तिच्या ओठांवर शब्द आले. आणि परसातल्या त्या पोरीची सवय इतकी जुनी, इतकी मुरलेली, की तिचा चेहरा आपसूक मख्ख झाला. बोलले तर हे चिडतील, गाडी देणार नाहीत ती नाहीतच, आणि पुढच्या बैठकीत आपल्यासमोर कधी बोलणार नाहीत. एवढं सगळं तिच्या मनात आलं, खरोखर आलं, आणि ती उठून मोपेडसाठी धावली.

अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली होती. शेतावरचा पाण्याचा पंप चालवणाऱ्याच्या मोपेडवर पोन्नीला मध्ये धरून वासुकी मागे बसली. रस्ता कालव्याच्या कामासाठी खणलेला होता, मोपेड चिखलात बंद पडली, ढकलावी लागली. पापनाशमला सुई टोचून तंजावूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. पोन्नी जगली. पाय गुडघ्याखाली सडत गेला आणि शेवटी कापावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर हे नेहमीच म्हणतात, असं बाकीच्या बायका म्हणाल्या.

भामाबाईंनी तांदूळ पाठवले, लुगडं पाठवलं, स्वतः बघायला आल्या आणि पोन्नीच्या अंथरुणाशी बसून रडल्या. त्यांना बॅटरीचीच गोष्ट ठाऊक होती. आणि पोन्नी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "वासुकी अक्का नसती तर मी मेलेच असते. तिने मला मांडीवर घेऊन नेलं." दर वेळी हे ऐकताना वासुकीला वाटे, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ती पोन्नीसाठी पाणी भरू लागली, तिच्या मुलांना जेवायला घालू लागली, कुबडीवर चालायला शिकवताना तासन्तास तिच्या बाजूने चालू लागली. लोक म्हणाले, मैत्री असावी तर अशी.

म्हणून यंदाच्या बैठकीत वासुकीची मागणी एकच होती. मजुरीचं काय ते शेतमजूर संघटनेचा पापनाशमचा माणूस बोलला आणि ते फारशी खळखळ न होता ठरलंही. मग वासुकी उभी राहिली. कुणाच्याही शेतात काम करताना कुणी जायबंदी झालं, साप चावला, वीज पडली, काही झालं, तर त्या शेतवाल्याने आपल्या गाडीने तिला ताबडतोब इस्पितळात न्यायचं. गाडी नसेल तर दुसऱ्याची मागून न्यायचं. आणि ती पायावर उभी राहीपर्यंत अर्धी मजुरी द्यायची. एवढं मान्य असेल तर पोरी उद्या चिखलात उतरतील. नसेल तर पाणी कालव्यातून वाहू दे आणि रोपं वाफ्यात पिवळी पडू देत.

तिच्या मागे पोन्नी कुबडी मांडीवर घेऊन बसली होती. तिला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यात थोडा कावा होता, नाही म्हणू नये.

जमीनवाल्यांत कुजबुज झाली. सीतारामराव खाली बघत राहिले. मग मान वर करून तमिळमध्ये म्हणाले, "मान्य आहे. आमच्याच लेकीबाळी आहेत या. पोन्नीचं झालं त्याचं दुःख आम्हालाही आहे. गाडीही देऊ आणि अर्धी मजुरीही."

बायकांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतकं सहज? मागे कुणीतरी हुंदका दिला. पोन्नीचे डोळे भरून आले.

सीतारामरावांनी तबक हातात घेता घेता मुलाकडे मान वळवली आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "होय म्हण तूंही. लेखी मात्र नक्को. ही कुरुवेची नडवू होऊन जाऊं दे. सांबाला बंगालची टोळी येतें, बोलून ठेवलों आहें. मग ह्यांला कोण विचारतें?"

गरज सरो नि वैद्य मरो. पोटात एक आणि ओठात एक, आणि दोन्ही एकाच तोंडाने, एकाच दमात. बंगालकडच्या मजुरांच्या टोळ्या त्या भागात लावणीला येऊ लागल्याला आता काही वर्षं झाली होती, पण वेट्टारमंगलमला त्या अजून आल्या नव्हत्या. म्हणजे मान्य झालेली अट उन्हाळ्यापुरती. पावसाळ्यात, सापाविंचवाच्या दिवसांत, शेतात दुसरेच लोक असणार आणि कीळत्तेरूच्या बायका घरी बसणार. ज्यांना तमिळही येत नाही ते कुणाला गाडी मागणार?

तबक पुढे आलं. वासुकीने हात उचलला नाही.

"हे सांबालाही लागू आहे असं लिहून द्या," ती म्हणाली.

सीतारामराव हसले. "वासुकी, तुझ्या आईच्या वेळेपासून या गावात विडा हाच कागद. आज लिहिणं कुठून आलं?"

"तरी लिहा."

मागे चुळबुळ सुरू झाली. संघटनेच्या माणसाने तिच्या कानाशी लागून विचारलं, काय झालं? ठरलं होतं ते सगळं मिळालं ना? एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, की हातात आलेलं असं लोटायचं नसतं, लक्ष्मी रुसते. आणि मग पोन्नी कुबडीचा आधार घेऊन उठली, पुढे आली, वासुकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घे ग अक्का विडा. मान्य केलंय त्यांनी. माझ्यासाठी घे."

आता दोनच वाटा होत्या. विडा घेऊन गप्प बसायचं आणि पावसाळा आला की बायकांच्या तोंडाला पानं पुसली जाताना बघायचं. किंवा आपल्याला कसं कळलं ते सांगायचं. सांगितलं की परसातला तो शेवगा, ती फरशी, इतक्या वर्षांचं गुपित, सगळं गेलं. आणि त्याहून वाईट असं एक होतं. ते वाईट तिच्या खांद्यावर हात ठेवून उभं होतं. वासुकीला ते पुरतं ठाऊक होतं.

ती सीतारामरावांकडे बघून मराठीत बोलली. आयुष्यात पहिल्यांदा.

"होय म्हण तूंही. लेखी मात्र नक्को. ही कुरुवेची नडवू होऊन जाऊं दे. सांबाला बंगालची टोळी येतें, बोलून ठेवलों आहें. मग ह्यांला कोण विचारतें?"

शब्द तोंडातून अडखळत निघाले, पण निघाले बरोबर. हेल मात्र सीतारामरावांचा नव्हता. भाजी चिरत दारात बसणाऱ्या त्यांच्या आईचा होता, कारण वासुकीने भाषा तिच्याकडून घेतली होती. म्हातारीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सीतारामरावांच्या हातातलं तबक कललं आणि सुपारी खाली सांडली. त्यांचा चेहरा असा झाला की वासुकीलाच क्षणभर त्यांची दया आली.

"कधींपासून?" त्यांनी विचारलं. मराठीतच. भान न राहून.

"लहान होतें तेव्हांपासून," ती म्हणाली. "शेवग्याखालीं बसून."

त्या घरातल्या माणसाने तिला मराठीत काही विचारावं आणि तिने उत्तर द्यावं, असं त्याआधी घडलं नव्हतं, आणि त्यानंतरही घडलं नाही.

मग ती वळली आणि राव मुलाला काय म्हणाले ते तमिळमध्ये सगळ्यांना सांगितलं. एकच गलका उसळला. बाकीचे जमीनवालेही उठून उभे राहिले, कारण बंगालच्या टोळीचं त्यांच्यापैकी दोघांतिघांनाच माहीत होतं. संघटनेचा माणूस श्रीहर्षसमोर जाऊन उभा राहिला. "ही म्हणते ते खरं आहे का?"

श्रीहर्ष वडिलांकडे बघत नव्हता. तो पोन्नीच्या कुबडीकडे बघत होता. "खरं आहे," तो तमिळमध्ये म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सीतारामरावांनी डोळे मिटून घेतले.

पुढचं सगळं खुर्च्या ओढण्याचं, आरडाओरड्याचं आणि शेवटी कागदाचं झालं. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही हंगामांसाठी लिहिलं गेलं. सांबाच्या लावणीला आधी गावच्या बायकांना विचारायचं, त्या कमी पडल्या तरच बाहेरचे. मग वासुकीने आणखी एक ओळ घालायला लावली. गाडी बाहेरून आलेल्या मजुरांनाही मिळाली पाहिजे. यावर तिच्याच बाजूच्या बायका कुरकुरल्या. आपल्या पोटावर पाय द्यायला येणाऱ्यांसाठी आपण का भांडायचं? "त्यांच्यापैकी कुणी बांधावर पडलं, तर त्यांचं बोलणं तुम्हालाही कळणार नाही आणि रायरांनाही," वासुकी म्हणाली. ती ओळ राहिली. तिने विडा घेतला. कुलवै झाली, पण विसकटलेली, कारण ती घालणारी पोन्नी गप्प होती.

वासुकी मराठी बोलली तेव्हाच पोन्नीने खांद्यावरचा हात काढून घेतला होता.

बायका घोळक्याने कीळत्तेरूकडे निघाल्या. आज त्यांची जीत होती, त्या मोठमोठ्याने बोलत, वासुकीच्या नकला करत पुढे गेल्या. पोन्नीच्या चालीने मागे राहिल्या त्या दोघी. कालव्याला नवं पाणी आलं होतं, गढूळ, काठाचा पाचोळा घेऊन धावणारं.

"अक्का," पोन्नी म्हणाली, "त्या दिवशी बांधावर रायर आणि त्यांचा मुलगा आपसात काहीतरी बोलले होते. मी शुद्धीवर होते तेव्हा. तेही तुला कळलं होतं?"

वासुकीला खोटं बोलता आलं असतं. नीट ऐकू आलं नाही म्हणता आलं असतं.

"कळलं होतं," ती म्हणाली.

"काय बोलले?"

वासुकीने सांगितलं. सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. पोन्नी चालायची थांबली नाही. कुबडी टेकायची, पाऊल टाकायची.

"म्हणजे गाडी चांगली होती."

"हो."

"आणि तू मागितली नाहीस."

"त्यांनी दिली नसती, पोन्नी. देवाशपथ सांगते, नसती दिली."

"नसती दिली," पोन्नी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच वासुकीला ते ऐकवेना. "पण तू मागितलीस, एवढं मला कळलं असतं."

कालव्यावरच्या पुलाला एका बाजूने कठडा नाही. कुबडी घेतल्यापासून पोन्नी तिथे थांबत असे आणि वासुकी तिचा दंड धरून पलीकडे नेत असे. आज वासुकीने हात पुढे केला तेव्हा पोन्नीने तो पाहिला. मग तिने कुबडी दुसऱ्या बाजूला घेतली, शाबूत कठड्याला हात लावला, आणि एकेक पाऊल टाकत एकटीच पलीकडे गेली.